आठ जीबी गेली कुठं?

"हॅलो?… हां, तात्या, बोला… नाय नाय, जेवणाचीच सुट्टी आहे… व्हय, ऑफिसातच. ऑफिसात नाय तर कुठं असणार मी?"

अपेक्षा औरंगपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला, स्टुलावर बसून मेथीची भाजी खात होती. तिचं ऑफिस क्रांती चौकात. रोज दुपारी डबा घेऊन ती एवढ्या गर्दीतून इथं का येते, याचं कारण समोर बसून एका लॅपटॉपचे स्क्रू काढत होतं. कारणाचं नाव शिवराज, आणि दुकान त्याचंच. तिकडं कन्नड गावी तिच्या वडिलांना, म्हणजे तात्यासाहेबांना, यातलं अवाक्षरही ठाऊक नव्हतं.

"फसवलं? कुणाला?… तुम्हाला?… कोणत्या पोरानं?" घास तिच्या तोंडातच राहिला. "अहो, काहीतरीच काय तात्या! मागच्या आठवड्यात तर तुम्हीच म्हणत होता, पोरगं लई गुणी आहे, महागाची वस्तू गळ्यात मारली नाय म्हणून… म्हणत होता! आईला विचारा… बरं, नका विचारू."

तात्यासाहेब त्यांच्या समाज मंडळाची वधू-वर परिचय पुस्तिका तयार करायचे. फोटो, शिक्षण, उंची, मामाचं गाव, सगळं स्वतः बसून टाइप करायचे. त्या पुस्तिकेत नोकरीवाली मुलं पुढच्या पानांवर, बागायतदार मधे, आणि दुकानदार पार मागे, जाहिरातींच्या शेजारी. आपल्या मुलीसाठी तात्या त्या मागच्या पानांपर्यंत बोट नेणारच नाहीत, हे अपेक्षा चांगलं ओळखून होती. म्हणून तिनं सरळ न सांगता डाव टाकला. फोटोंच्या ओझ्यानं तात्यांचा कॉम्प्युटर रांगायला लागला, तेव्हा "रॅम वाढवा, औरंगपुऱ्यात एक चांगलं दुकान आहे" एवढंच सांगून तिनं वडिलांना शिवराजच्या दुकानात धाडलं. आधी पोरगा आवडू द्यायचा, मग स्थळ म्हणून नाव काढायचं. डाव बसलाही होता. आठवडाभर तात्या त्या पोराचे गोडवे गात होते. आणि आता हे.

"पहिल्यापासून सांगा ना, काय झालं?… बरं… पहिले आठ जीबी होती… अन नवी आठ टाकली… हां… पहिले कॉम्प्युटर पाच-साडेपाच खायचा… आणि आता आठ खातो?… म्हणजे जेवढं जास्त दिलं तेवढा जास्त खायला लागला… म्हणून काय केलं?… काढली? रॅमची पट्टी काढली तुम्ही? स्वतः?"

शिवराजनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"शिकवलं होतं त्यानं, माहितीय मला… म्हणजे, तुम्हीच सांगितलं होतं ना, त्यानं दुकानात दाखवलं पट्टी कशी बसवायची ते… मग?… आई म्हणाली परत एकदा बसवून बघा… बसवली… अन आता सोळा दाखवतच नाय. आठच… नाय हो तात्या, पहिले खाल्ली अन मग गिळली, असं नसतं मेमरीचं… अहो ऐका ना… बनावट माल कशाला देईल तो?… मला कसं माहीत म्हणजे? अंदाज आपला."

तिचा आवाज एकदम खाली आला.

"फोन केला? त्याला?… सकाळी?… काय बोललात?"

तिनं शिवराजकडं पाहिलं. शिवराज लॅपटॉपच्या पोटात डोकं घालून काहीतरी शोधत असल्यासारखं करायला लागला. सकाळच्या फोनबद्दल पठ्ठ्यानं चकार शब्द काढला नव्हता.

"चोर म्हणालात?… आणखी?… बापाचं पण काढलंत!… आणि तो काय म्हणाला?… ‘काका, घेऊन या, बदलून देतो.’ मग? झालं की!… म्हणजे एवढं गोड बोलला म्हणून त्याच्या पोटात पाप आहे? अहो तात्या, तो भांडला असता तरी तुम्ही हेच म्हणाला असता!… कुठं निघालात?… पुढच्या एसटीनं? इकडं?… पट्टी त्याच्या तोंडावर मारायला?"

अपेक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. तात्यांनी एकदा एखाद्याला लबाड ठरवलं की विषय संपला. त्यांच्याच सख्ख्या चुलतभावाला एका बोअरच्या मोटारीवरून त्यांनी लबाड ठरवलं होतं, त्याच्याकडच्या लग्नाला आजतागायत कुणी गेलं नव्हतं. आज तात्या एसटीत बसले, की शिवराज या घराला कायमचा मुकला. आणि घर शिवराजला. आणि या दोघांच्या मधे ती.

"थांबा. तात्या, थांबा. बूट नका घालू. पाच मिनिटं द्या मला… मी बघते ना काय झालंय ते. फोनवरूनच… येतं मला. ऑफिसात ट्रेनिंग दिलं परवा… हो, मेमरीचंच ट्रेनिंग."

तिनं शिवराजला डोळ्यांनीच ढोसलं. त्यानं की-बोर्डचं एक रिकामं खोकं ओढलं, जाड मार्कर घेतला आणि तो लिहायला बसला.

"आता कॉम्प्युटरपुढं बसा… बसलात? कंट्रोल, शिफ्ट आणि… एक्सेप… नाय, एस्केप. एस्केप! डाव्या कोपऱ्यात वर असतं… तिन्ही बटणं एकदम दाबा… दोनच बोटं मोकळी? फोन आईकडं द्या नाहीतर त्या स्पीकरवर… आलं? टास्क मॅनेजर आलं? हां. आता परफॉर्मन्स. त्याच्यात मेमरी… निळा डोंगर दिसतोय? तोच."

शिवराजनं खोकं फिरवून दुसरी बाजू दाखवली. त्याचं अक्षर असं की स्वतःलाच लागलं तर लागावं.

"तात्या, पहिले तुमची खाण्याची तक्रार. ती तक्रारच चुकीची आहे… रागावू नका, ऐका. आईचा ओटा आठवतो का, पहिला? हातभर होता. आई हळदीचा डबा काढायची, टाकायची, लगेच परत फळीवर ठेवायची. नवा ओटा बांधला तेव्हा काय झालं? सगळे डबे बाहेर आले का नाय? पीठ पण ओट्यावर, तेल पण ओट्यावर. तुम्ही म्हणालात, एवढा ओटा बांधला तरी भरलेलाच… आई, तू गप्प बस, तुला नावं नाय ठेवत मी. सोय झाली म्हणून बाहेर ठेवले डबे. पोळ्या लाटायच्या असल्या की सरकवते ती. कॉम्प्युटर पण तसंच करतो. जागा जास्त मिळाली की तुमचे फोटो, पुस्तिका, सगळं हाताशी काढून ठेवतो. लागलं की जागा मोकळी करतो. मेमरी रिकामी ठेवून काय लोणचं घालायचं का?… व्हय, खाऊ द्या त्याला. खाल्लेलंच चांगलं."

हे ओट्याचं मात्र खोक्यावर नव्हतं. शिवराजनं मार्कर खाली ठेवून तिच्याकडं असं काही पाहिलं की अपेक्षा उगाचच लाजली.

"हं?… नाय, कुठं काय. ठसका लागला… आता खाली बघा. स्लॉट्स यूज्ड असं लिहिलंय का?… काय लिहिलंय पुढं?… वन ऑफ टू."

तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भैया, वायफाय का डब्बा है क्या? अच्छावाला?"

"कुणी नाय तात्या… ऑफिसातच आहे… वायफायवाला माणूस आलाय. लई दिवस झाले इथलं नेट चालत नाय… डब्बा बसवायला आलाय."

शिवराजनं गिऱ्हाइकाला हातानंच उद्या यायला सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं, "कल जुमा है, बंद रहती क्या दुकान?" त्यावर शिवराजनं दोन्ही हात जोडले, तेव्हा कुठं ते हललं.

"दुकान? कसलं दुकान?… हां, तो म्हणतोय त्याचं दुकान बंद असतं उद्या. तात्या, लक्ष इकडं द्या हो. वन ऑफ टू म्हणजे काय, की दोन खाचा आहेत आणि एकाच पट्टीचा पत्ता लागतोय त्याला. दुसरी बसलीय पण भेट झाली नाय… म्हणजे माल खोटा नाय! पहिल्या दिवशी सोळा दाखवले होते ना? मग! खोटा माल पहिल्या दिवशी खरा अन नंतर खोटा, असं असतं का?… हं. पटलं ना? बूट काढा आता."

तिनं दीर्घ श्वास घेतला. शिवराजनं अंगठा वर केला.

"आता कॉम्प्युटर बंद करा. शटडाउन… आणि भिंतीतली पिन काढा. नुसतं बटण नाय, पिनच… बाजूचा पत्रा उघडा… चष्मा? आणा की मग. टॉर्च पण आणा. मी आहे फोनवर… आईकडं द्या तोवर."

मग फोनवर बराच वेळ तिकडचंच कुणीतरी बोलत राहिलं. अपेक्षाची भुवई हळूहळू वर चढली.

"आई, एवढी हळू का बोलतीस?… गेले ना ते आत?… मग सांग की… कशाला सांगू मी त्यांना?… शपथ… बरं, तुझी शपथ… काय लावलंस?"

तिनं पटकन तोंडावर हात दाबला. डोळ्यांत पाणी आलं, खांदे हलायला लागले.

"नाय, हसत नाय… अगं नाय हसत… कधी लावलंस पण?… ते चहाला उठले तेव्हा. पट्टी टेबलावर होती… पहिल्यांदा त्यांनी पूजाच करू दिली नाय, म्हणून बिघडलं असं वाटलं तुला… हो, गाडीला लावतो, मिक्सरला लावतो, गिरणीला लावतो, खरंय… पण आई, रॅमला? कुठं लावलंस नेमकं?… सोनेरी कडेला. हो, दागिन्यासारखीच दिसते ती. देखणी असते, खरंय… आणि बोट ओलं करून… पहिले हळद, मग कुंकू. अक्षता?… त्या खाली पडल्या. देवाची कृपा."

शिवराजला एवढ्यावरूनच उलगडा झाला. त्यानं काउंटरवर कपाळ टेकलं. त्याचीही पाठ हलत होती.

"अगं आई, रडतीस काय! जळलं नाय काही. वरून थर बसलाय नुसता, पुसला की निघतो… अगं त्या कडेनंच तर ती आतल्या मशिनशी बोलते. तिच्या तोंडावरच तू कुंकू लावलंस… नाय, अपशकुन कसला… नाय सांगणार तात्यांना. तू चहा ठेव जा. आले का ते?… जा, जा."

अपेक्षानं डोळे पुसले आणि पाहिलं तर शिवराज खोकं समोर धरून उभा होता. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दुकानाची चूक सांग.’ तिनं जोरात मान हलवली. त्यानं ‘दुकानाची’च्या खाली रेघ मारली. तिच्या आईला, द्वारकाबाईंना, तात्यांची बोलणी बसू नयेत म्हणून हा गडी स्वतःच्या डोक्यावर ओढून घ्यायला निघाला होता. सकाळी चोर ठरला होता तो, तेवढं पुरलं नव्हतं. अपेक्षाला त्याचा फार अभिमान वाटला, आणि तेवढाच रागही आला. असा सरळ माणूस घेऊन डाव कसा खेळायचा?

"हां तात्या… चष्मा सापडला?… आता पहिले पत्र्याला हात लावा. नाय बसत शॉक, पिन काढलीय ना… अंगातली वीज उतरते त्यानं… आता नवी पट्टी. दोन्ही टोकांच्या कळा खाली दाबा, आपोआप वर येईल… आली? कडेला धरा. पेन्सिलचा खोडरबर आहे ना तुमच्याकडं, पुस्तिकेचं प्रूफ तपासता तो? त्यानं सोनेरी बाजू घासा. हलकंच… एकाच दिशेनं… कशाला म्हणजे? घाण बसली असंल. दुकानातच बसली असंल. त्या पोरानं हाताळली ना… हो, त्याचीच चूक. तेवढी चूक आहे त्याची, चोर नाय तो… घासा… दुसरी बाजू पण…"

पलीकडचं घासणं एकदम थांबलं.

"तात्या?… काय बघताय?… खोडरबर? काय झालं खोडरबराला?… पिवळा झाला?… आणि लाल पण." तिनं शिवराजकडं पाहिलं. शिवराज छताकडं बघत होता. "ते… कंपनीचं पॉलिश असंल काहीतरी. आता नव्या पट्ट्यांना रंगीत पॉलिश देतात… नाय तात्या, वास नका घेऊ… अहो कशाला वास घ्यायचा!… घेतला?"

ती डोळे मिटून बसून राहिली.

"… हं… हळदीचाच येणार… आईला बोलू नका तात्या. तिनं भल्यासाठीच केलं. पूजा करू दिली असती तुम्ही पहिल्या दिवशी, वरच्या वर, खोक्याला, तर ही वेळच आली नसती… हॅलो?… तात्या? हसताय का तुम्ही?… अहो, खरंच हसताय… आईला पण दाखवताय खोडरबर… बरं झालं. आता भुगा झाडा. फुंकू नका, थुंकी उडते. कोरड्या ब्रशनं… खाच जुळवून बसवा अन दोन्ही अंगठ्यांनी दाबा… आणखी… मोडत नाय… टक् झालं? दुसरीकडं पण टक् झालं? शाब्बास. लावा पिन."

तिकडं कॉम्प्युटर चालू व्हायला लागला. शिवराजनं नकळत देवाच्या फोटोकडं पाहिलं.

"सोळा?… खरंच?… तात्या, टू ऑफ टू लिहिलंय का?… लिहिलंय!… पुस्तिका उघडून बघा… उघडली? लगेच? सगळ्या फोटोंसकट?… बघा! आता खाऊ द्या त्याला हवं तेवढं."

तिनं फोन कानाला तसाच धरून शिवराजच्या हातावर टाळी दिली. जिंकलो, असं तिला वाटलं. तेवढं वाटायला तिला जेमतेम वेळ मिळाला.

"हं?… व्हय, उगाच बोललात त्याला… बापावर गेलात, ते तर लईच… माफी? मागा की, मागा. जाल तेव्हा मागा… आत्ता? नको, आत्ता नको तात्या, गिऱ्हाईक असंल दुकानात… अहो जेवत असंल बिचारा… नाय, फोन ठेवू नका… काय? आईच्या फोनवरून लावताय?… तात्या, माझं ऐका, पहिले जेवून घ्या! तात्या, भाकरी गार होती—"

काचेच्या काउंटरवर, चार्जरला लावलेला शिवराजचा फोन थरथरला आणि दुकान दणाणून जाईल अशा आवाजात वाजायला लागला. शिवराज झेपावला. घाईत त्यानं बंदचं बटण समजून आवाजाचं बटण दाबलं, आणि फोन होता त्यापेक्षा मोठ्यानं कोकलायला लागला. अपेक्षानं स्वतःच्या फोनवर तळहात दाबला, पण कन्नडला जे जायचं ते गेलं होतं. तात्यासाहेबांच्या एका कानात रिंग जात होती आणि दुसऱ्या कानात तीच वाजत होती.

मग रिंग थांबली. तिकडून कुणीतरी थांबवली होती.

"हॅलो…" अपेक्षा म्हणाली. "तात्या… आहे… ऐकतीय… नाय. ऑफिसात नाय."

शिवराज उठून उभा राहिला, मास्तर वर्गात आल्यासारखा.

"व्हय. त्याच्याच दुकानात… रोज नाय. म्हणजे, रोजच… मी मुद्दाम पाठवलं तुम्हाला. सांगून पाठवलं असतं तर तुम्ही त्याचं तोंड तरी बघितलं असतं का? दुकानदार म्हटल्यावर मागच्या पानावर टाकलं असतं त्याला, जाहिरातीजवळ… मला त्याच्याशीच लग्न करायचंय, तात्या. दुसऱ्या कुणाशी नाय. तुम्हाला तो आवडावा म्हणून केलं सगळं. आवडला पण होता… खोटं बोलले, चुकलं माझं. पण आजचं सगळं त्यानंच सांगितलं मला, समोर बसून… नाय, ओट्याचं माझं होतं… आणि दुकानाची चूक आहे असं सांग, ते पण त्यानंच… हो. हळदकुंकू कळल्यावर. आईला तुम्ही बोलू नये म्हणून… तात्या?… तात्या, बोला ना काहीतरी."

तिच्या आवाजात कंप होता. खोटं बोलताना तो एकदाही आला नव्हता.

"… आहे. समोरच आहे… देते."

तिनं फोन पुढं केला. शिवराजनं आधी हात पँटला पुसला, मग फोन घेतला.

"हॅलो… नमस्कार काका… नाही नाही, त्याचं काही मनात नाही… अहो माफी कसली, तुम्ही मोठे आहात… हो… नाही काका, नोकरी नाही. दुकानच आहे… परीक्षा वगैरे नाही देत. पुढं पण दुकानच करणार, आवडतं मला हे… हो, स्वतःचं. म्हणजे भाड्याचं आहे, पण चालतं… वडील? शेती बघतात, अजिंठ्याकडं… हो… हो…"

अपेक्षा त्याच्या तोंडाकडं बघत होती. नोकरी नाही, हे एवढ्या ठणठणीतपणे सांगायची काय गरज होती, असं तिला वाटलं. थोडं तरी गुळमुळीत सांगायचं. मग वाटलं, नाही, बरं केलं.

"रविवारी?… येतो की काका, पण आता कॉम्प्युटर चालू झालाय ना तुमचा?… सोळा दाखवतोय ना?… मग कशाला उगाच… आई-वडिलांना पण घेऊन येऊ?" शिवराजच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणता येईल, पण काका, त्यांना कॉम्प्युटरमधलं काहीच कळत नाही हो…"

अपेक्षानं त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"येतील, तात्या! सगळे येतील! ठेवते मी!"